नागासाकीचा पाऊस : महिन्याचा आणि तासाचा

आपल्याकडे पावसाचे वर्ष सरळ असते. मृग लागला की चार महिने छत्री हाती, उरलेले आठ महिने ती खुंटीला. जपानमधील नागासाकी शहराचे तसे नाही. तेथे अगदी कोरडा म्हणावा असा महिनाच नाही. जानेवारीतदेखील सरासरी ६३ मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या हिशेबाने हा पाऊस थोडका नव्हे. वर्षाची बेरीज १,९०० मिलिमीटरच्या घरात जाते.

१९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीचा तक्ता पुढे ठेवला, म्हणजे असे दिसते की, मार्चपासून पाऊस हळूहळू वाढत जातो, मे महिन्यात १६० मिलिमीटरपर्यंत पोचतो आणि जूनमध्ये एकदम दुपटीहून वर, ३३६ वर, उडी घेतो. जुलैत २९३, ऑगस्टमध्ये २१८ आणि पुढे उतरती कळा. टोकिओत याउलट सर्वांत ओले महिने सप्टेंबर आणि ऑक्टोबर. एकाच देशातील दोन शहरांत एवढा फरक का, असे कोणी विचारील. नागासाकी नैर्ऋत्येच्या टोकाला, क्यूशू बेटावर आहे, हे त्याचे पहिले उत्तर.

जूनच्या आरंभी उत्तरेकडील थंड हवा आणि पॅसिफिकवरची उष्ण, दमट हवा यांची गाठ जपानवर पडते. दोघींपैकी कोणीच चटकन मागे हटत नाही. त्यांच्या सीमेवर दमट हवा वर रेटली जाते, थंडावते आणि आठवडेच्या आठवडे पाऊस चालतो. जपानी लोक या ऋतूला त्सुयु म्हणतात. हा शब्द ते 'आलुबुखार' आणि 'पाऊस' या अर्थांच्या दोन अक्षरांनी लिहितात, कारण त्या जातीचे तेथील फळ याच सुमारास पिकते. उत्तर क्यूशूत त्सुयु सरासरीने ४ जूनच्या आसपास बसतो. आपला मृग त्याच्याच मागोमाग येतो. हा निव्वळ योगायोग नव्हे. आशियाच्या उन्हाळी मोसमी वाऱ्यांचा पसारा दोन्हीकडे पोचलेला असतो, आणि क्यूशूवर नैर्ऋत्येकडून येणारी वाफ त्याच पसाऱ्यातली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ही सीमा उत्तरेकडे सरकते आणि कडक उन्हाळा सुरू होतो. जुलैचे २९३ मिलिमीटर हे अशा रीतीने अर्ध्या ओल्या आणि अर्ध्या तापलेल्या महिन्याचे आहेत. शिवाय क्यूशूत मोठे घात पुष्कळदा त्सुयुच्या शेवटच्या दिवसांत होतात. ढगांची रांग एकाच जागी पुनःपुन्हा जन्म घेते आणि एकाच खोऱ्यावर रिती होते. महिन्याच्या आकड्यात याचा मागमूसही लागत नाही.

२३ जुलै १९८२ ला नेमके हेच झाले. संध्याकाळी ७ ते रात्री १० या तीन तासांत नागासाकीत ३१३ मिलिमीटर पाऊस झाला. साऱ्या जुलैची सरासरी तीन तासांत ओलांडली गेली. शेजारच्या नागायो गावी एका तासात १८७ मिलिमीटरची नोंद झाली. जपानातील तो उच्चांक ठरला. एका चौरस मीटर जागेवर तासाभरात १८७ लिटर पाणी. आपल्या घागरीच्या मापाने दहाबारा घागरी समजा. २६ जुलै २००५ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना अधिक सांगावयास नकोच.

नागासाकी हे उतारावरचे शहर. बंदराभोवती डोंगर, आणि घरे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली. त्या महिन्यात आधीच अतोनात पाऊस होऊन माती पाण्याने तुडुंब झाली होती. मेलेल्या व बेपत्ता झालेल्या माणसांची संख्या २९९ झाली, आणि त्यांतील बहुतेक जण पुरात नव्हे, तर दरडी व चिखलाचे लोंढे यांखाली गेले. धोक्याचे इशारे दिले गेले नव्हते असे नाही. आधीच्या पंधरवड्यात ते वरचेवर दिले गेले होते, आणि त्या वेळी मोठे असे काही घडले नव्हते. मग त्या संध्याकाळी आलेला इशारा लोकांनी फारसा मनावर घेतला नाही. त्यांना दोष देण्याचे धाडस आम्हाला होत नाही. चार वेळा वाजलेली घंटा पाचव्या वेळी आपणही कितपत ऐकतो?

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, जपानी हवामान खात्याने एक नवी सूचना सुरू केली. त्या भागात क्वचितच पडेल असा पाऊस एखाद्या तासात मोजला गेला, की लगेच ठिकाणाचे नाव आणि मिलिमीटरचा आकडा जाहीर करावयाचा.

शहरातील नाकाशिमा नदीवर १६३४ मध्ये बांधलेला दगडी पूल आहे. त्याच्या दोन कमानी व पाण्यातील त्यांचे प्रतिबिंब मिळून चष्मा दिसतो, म्हणून त्याला चष्मापूल म्हणतात. त्या रात्री तो अर्धवट मोडला. शेजारचे काही पूल तर समूळ वाहून गेले. पुढे तो पुन्हा उभारला, आणि पुराचे पाणी कमानींना न भिडता निघून जावे म्हणून नदीच्या दोन्ही काठांखालून वेगळे मार्ग काढले. आज काठावर उभे राहून पाहणाऱ्याला ते सहसा ध्यानातही येत नाहीत.