आजीचे पोट आणि पाण्याचा हिशेब

महाडहून भोरकडे जाताना, घाट चढण्याआधी, वरंध हे गाव लागते. पावसाळ्यात या भागात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण उतार तीव्र आणि खाली कातळ, त्यामुळे बहुतेक पाणी वाहून सावित्रीवाटे समुद्राला मिळते. वैशाखात महाड-पोलादपूरकडच्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत घरातील म्हातारी माणसे काय करतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? ती गुपचूप पाणी पिणे कमी करतात. सून लांबून हंडा आणते, तिला आणखी त्रास कशाला, हा एक विचार. रात्री काळोखात उठून संडासाला जायला नको, हा दुसरा. तिसरे कारण मात्र त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. वयाबरोबर तहानेची जाणीवच बोथट होते. शरीराला पाणी हवे असते, पण घशाला कोरड पडत नाही.

मी शिकवतो भौतिकशास्त्र. पोटाविषयी लिहायला बसलो याचे कारण घरचेच आहे. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात माझ्या आईला जुलाब सुरू झाले. दिवसातून सात-आठ वेळा, थोडे थोडे, पातळ, कधी लुगड्यातच. आम्ही जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पोट टम्म फुगले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "हे जुलाब नव्हेत, हा मलावरोध आहे." मलाशयात घट्ट मळाचा गोळा अडकला होता आणि वरचे पातळ द्रव्य त्याच्या कडेने झिरपत होते. आम्ही नेमके उलटे औषध देत होतो!

असे का होते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. अन्नपाण्यातून आपल्या पोटात रोज सुमारे २ लिटर द्रव जातो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस वगैरे मिळून आणखी सुमारे ७ लिटर भर पडते. या ९ लिटरांपैकी बहुतेक पाणी लहान आतडे शोषून घेते. लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथेही शोषण चालूच राहते. शेवटी मळाबरोबर बाहेर पडते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. मळ मोठ्या आतड्यात जितका अधिक वेळ रेंगाळेल तितका तो कोरडा होणार, हे उघड आहे. म्हातारपणी तो रेंगाळतोच. चालणे-फिरणे घटते, आतड्याच्या भिंतीतील चेतापेशी कमी होतात. शिवाय लोहाच्या गोळ्या, रक्तदाबावरची काही औषधे आणि काही वेदनाशामके आतड्याला आणखी सुस्त करतात. दात पडल्यामुळे भाजी-भाकरी सुटते आणि पेज, चहा-बिस्कीट एवढ्यावर भागवले जाते. मग आतड्याने ढकलावे तरी काय?

आतडे अन्न ढकलते ते लाटांनी. भिंतीचे स्नायू एका बाजूने क्रमाने आकसत जातात. या लाटा जिवंत प्राण्यात पाहता आल्या त्या भौतिकशास्त्राच्या मदतीने. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन ते पोटात कसे सरकते हे पडद्यावर पाहायला सुरुवात केली. मजेची गोष्ट अशी, की मांजर घाबरले किंवा चिडले की तिच्या जठरातील लाटा थांबत. ती शांत झाली की पुन्हा सुरू होत. आजी जेवत असताना "आवर लवकर" म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जेवताना आजारी माणसाला ताठ बसवावे आणि नंतरही अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. जठराचे तोंड बंद ठेवणारा स्नायू सैल पडला असला तरी बसलेल्या स्थितीत गुरुत्वाकर्षण मदतीला असते. निजून भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. घास लहान असावा आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. नाचणीची भाकरी आमटीत भिजवून, पालेभाजी मऊ शिजवून दिली तर दातांवाचूनही चोथा पोटात जातो.

शौचाची वेळही साधावी लागते. न्याहारी जठरात पडली की मोठ्या आतड्यात जोराच्या लाटा उठतात. म्हणून चहा-न्याहारीनंतर पाव-अर्ध्या तासाने आजीला हात धरून न्यावे, "लागली की सांग" म्हणून वाट पाहू नये. मलाशय आणि गुदद्वार यांच्यामध्ये एक स्नायू वळण घालून ठेवतो. उकिडवे बसल्यावर ते वळण बरेच सरळ होते. गुडघे दुखतात म्हणून आजी खुर्चीच्या संडासावर बसत असेल, तर तिच्या पायांखाली एक ठेंगणा पाट द्या.

आता एक प्रयोग. पेलाभर पाण्यात चमचाभर इसबगोलाचा भुसा टाका आणि दहा मिनिटांनी पाहा. पाणी धरून ठेवणारा चोथा म्हणजे काय, ते कळेल. अपुऱ्या पाण्याबरोबर घेतलेला इसबगोल मात्र घशातच फुगू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांचा मळ अडकला आहे, त्यांना तो देऊ नये. वारंवार एरंडेल पाजणेही बरे नव्हे. मळात रक्त, डांबरासारखा काळा मळ, उलट्या, फुगून दुखणारे पोट, वायूही न सरणे, कारणाविना घटणारे वजन, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण तो निर्णय आपण करू नये.

पाणी किती द्यावे? हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी बंधन घातले असेल तर तेवढेच. एरव्ही एकदम तांब्याभर न देता दिवसभर थोडे थोडे द्यावे; ताक, पेज, कुळथाचे कढणही चालते. संध्याकाळनंतर कमी केले की रात्रीची भीती राहत नाही. आणि किती प्यायले ते मोजावे. आईच्या तांब्यात ७०० मिलिलिटर पाणी मावते. त्या उन्हाळ्यात ती दिवसाकाठी तो एकदाच भरून घेत होती, हे आम्हाला तिला विचारल्यावर कळले.