पाणी घातले आणि चटणी घट्ट झाली!

वाटीत एक ओघळणारा, पातळसर पदार्थ आहे. त्यात चमचाभर पाणी घातले तर तो आणखी पातळ होईल की घट्ट? "हा काय प्रश्न झाला?" असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हटले असते. पण दोन वर्षांपूर्वी नाशिकमधील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो, आणि माझी फजिती झाली.

सौरचुली, पवनचक्क्या आणि ज्वालामुखी यांच्या गर्दीत नववीतली एक मुलगी दोन वाट्या घेऊन उभी होती. वाट्यांत भाजलेले शेंगदाणे, तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये वाटलेले. चमचा तिरपा केला की वाटण संथपणे ओघळत होते. तिने एका वाटीत चमचाभर पाणी घातले, ढवळले आणि वाटी सरळ उलटी धरली. थेंबही पडला नाही! वाटणाचा पेढ्यासारखा गोळा झाला होता.

"सर, पाणी घातल्यावर हे घट्ट का होते?" तिने विचारले.

"दाण्याचे कण पाणी शोषून फुगतात, कणीक भिजते तसे," मी ठोकून दिले.

"पण सर, कणीक मुरायला वेळ लागतो. हे तर लगेच घट्ट झाले. आणि आणखी पाणी घातले की पुन्हा एकदम पातळ होते."

मी तिला दुसरा क्रमांक दिला आणि कागदावर शेरा मारला : 'स्पष्टीकरण अपुरे.' तो शेरा खरे तर माझ्या उत्तरावर हवा होता.

घरी येऊन आईला हे सांगितले. तिचे निम्मे आयुष्य पाट्या-वरवंट्याशी गेलेले. ती म्हणाली, "अरे, दाण्याची चटणी अशीच असते. घट्ट झाली म्हणून घाबरायचं नाही, पाणी घालत राहायचं." आमच्याकडे काकडीच्या कोशिंबिरीत कोरडे दाण्याचे कूट न घालता ही दाटसर, तिखट ओली चटणी कालवतात. इंग्रजी पाकपुस्तकांत जिला 'सॅलड ड्रेसिंग' म्हणतात, तीच ही. आईला क्रिया ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. मला तर क्रियाही ठाऊक नव्हती! म्हणून मी चटणी करायलाच बसलो.

शेंगदाण्यात वजनाने जवळजवळ निम्मे तेल आणि सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात. हे तेल दाण्यात मोकळे नसते. पेशींमध्ये त्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिने व फॉस्फोलिपिडे यांचे पातळ वेष्टन असते. दाणे भाजले की ते ठिसूळ होतात, त्यांतील ओलावा उडतो. वाटताना पेशी फुटतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि तेल सुटते. आता वाटीत काय आहे? तेलात बुडालेले प्रथिनांचे आणि पिष्टाचे कोरडे कण. तेल वंगणाचे काम करते, कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून वाटण ओघळते.

यात थोडे पाणी पडले की पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, हे तुम्ही जाणताच. पाण्याची ओढ तेलापेक्षा कणांकडे अधिक. ते कणांना जाऊन चिकटते, आणि दोन कण जवळ आले की त्यांच्यामध्ये पाण्याचा चिमुकला पूल तयार होतो. तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण या पुलाला आकसायला लावतो, म्हणजे दोन्ही कणांना एकमेकांकडे खेचतो. असे असंख्य पूल झाले की वाटीभर सांगाडाच उभा राहतो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगेवर लहानपणी वाळूचे किल्ले केले असतील, तर आठवा : कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, दमट वाळूचा होतो आणि पाण्याने थबथबलेल्या वाळूचा पुन्हा ढासळतो. तेथे कणांभोवती हवा असते, येथे तेल, एवढाच फरक.

पण कण फुगतात हे माझे पहिले उत्तर खोटे कशावरून? यासाठी पाणी न शोषणारे कण हवेत. दारातली रांगोळी कामाला आली. पांढरी, रंग न मिसळलेली रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती भिजून फुगत नाही. वाटीत ओघळेल इतपत गोडेतेल घालून ती कालवली आणि थेंबाथेंबाने पाणी घालत घोटत गेलो. काही थेंबांतच तिचा गोळा झाला! कणकेचा दाखला त्या क्षणी बाद झाला. दाण्याचे कण थोडेफार पाणी शोषत असतील, पण गोळा होण्याचे मुख्य कारण ते नव्हे. पुढे वाचनात आले की जर्मनीतील कार्ल्सरुह येथील एरिन कूस आणि नॉर्बर्ट विलेनबाखर यांनी २०११ मध्ये अशाच मिश्रणांवर 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला होता. द्रवात विखुरलेल्या कणांमध्ये, त्या द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे थोडेसे थेंब घातले, तर वाहणारे मिश्रण घट्ट होते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे आमच्या प्रदर्शनातल्या त्या टेबलावर तशी जुनी नसलेली गोष्ट मांडलेली होती!

आता आईचा सल्ला : पाणी घालत राहायचे. १०० ग्रॅम दाण्यांच्या वाटणात एकेक चमचा पाणी घालून दर वेळी जोराने घोटा. हात दुखतो, हीच वेळ धीर धरण्याची. साधारण अर्धी वाटी पाणी जाईपर्यंत गोळा अचानक सैल होतो आणि चकचकीत, सायीसारखी चटणी दिसू लागते. आतापर्यंत तेल बाहेर आणि पाणी आत होते. आता पाणी बाहेर आले आणि तेलाचे थेंब आत कोंडले गेले. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. ताक घुसळताना नेमके याच्या उलट घडते : सायीत पाणी बाहेर आणि स्निग्धांश आत असतो, लोण्यात स्निग्धांश बाहेर आणि पाणी आत.

हे थेंब पुन्हा एकत्र का येत नाहीत? येथे दाण्यातील अरॅकिन आणि कोनअरॅकिन ही प्रथिने उपयोगी पडतात. ती थेंबांच्या पृष्ठभागावर बसून वेष्टन घालतात. केवढे काम आहे पाहा. १० मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब केला तर त्याचे पृष्ठफळ सुमारे २२ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचेच मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या व्यासाचे थेंब केले तर ते सुमारे १,९०० कोटी होतात आणि एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर! (घनफळाला ६ ने गुणून व्यासाने भागा, उत्तर येईल.) एवढे पृष्ठ तयार करायला ऊर्जा लागते, आपला दुखणारा हात ती पुरवतो. चटणीचा रंग उजळतो तोही याच थेंबांमुळे. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आणि पाण्याचा १.३३, म्हणून प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो आणि चटणी पांढुरकी दिसते.

तेल बाहेर आहे की पाणी, हे ओळखण्याची सोपी परीक्षा अशी : चिमूटभर चटणी पेलाभर पाण्यात टाका. ढवळल्यावर गुठळ्या तशाच राहिल्या तर तेल बाहेर. दुधासारखी पसरली तर पाणी बाहेर. मला भौतिकीवाल्याला दुसरी परीक्षा अधिक आवडते. वाटणात घालायच्या पाण्यात मीठ विरघळवा. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहमचा रोधक आणि दोन स्वच्छ खिळे एकसरीत जोडून खिळे वाटणात बुडवा. तेल विद्युत्‌रोधक, मिठाचे पाणी वाहक. सुरुवातीला दिवा लागणार नाही, शेवटी लागेल. मधल्या गोळ्याच्या अवस्थेत तो काय करतो, ते मी सांगत नाही, तुम्हीच पाहा. खिळे बुडवलेली चटणी मात्र खायची नाही.

खायच्या चटणीसाठी तीन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरे, लिंबाचा रस, मीठ आणि गुळाचा खडा घ्या. मिरची दाण्यांबरोबर मिक्सरमध्ये टाकू नका. तिच्यात बहुतांश पाणीच असते. दाणे बारीक होण्याआधीच गोळा बनतो आणि चटणी रवाळ राहते. माझी पहिली चटणी अशीच बिघडली. मिरची वेगळी वाटून शेवटी मिसळावी. मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिनमुळे येतो. जिभेवरचा जो ग्राही ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता ओळखतो, त्यालाच कॅप्सायसिन चेतवते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राही शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. कॅप्सायसिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही. दूध किंवा दही घ्यावे.

दाणे मात्र निवडून घ्या. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे सरळ फेकून द्या. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत जे विष सापडले त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. काही जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जीवावरही बेतू शकते. तेव्हा वर्गात हा प्रयोग करण्यापूर्वी शिक्षकांनी आधी सर्वांना विचारून घ्यावे.

शेवटी कोशिंबीर. काकडी चोचवून तिच्यावर ही चटणी घातली की अर्ध्या तासात ताटात पाणी होते. परासरणामुळे मीठ काकडीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढते, आणि पाणी चटणीच्या बाहेरच्या भागात असल्याने ते तिच्यात सहज मिसळून तिला पातळ करते. म्हणून चटणी थोडी दाटच ठेवावी, मीठ अगदी कमी घालावे आणि पाने वाढल्यावरच काकडी कालवावी. रांगोळीची वाटी मी त्या मुलीच्या शाळेत पाठवली; सोबत चिठ्ठी होती, तिच्यावर माझ्या पहिल्या उत्तरासमोर लाल शाईने फुली मारलेली होती.