काटा ‘पी’वर, गाडी उतारावर

जीएमसी मोटरहोम : ‘पार्क’ का टिकत नाही?

गाडी : अमेरिकी, १९७३ ते १९७८. लांबी २३ किंवा २६ फूट. इंजिन पुढे, ओढही पुढच्याच चाकांची.

गिअरबॉक्स : टर्बो-हायड्रामॅटिक ४२५, तीन गतींचा ऑटोमॅटिक. मूळचा १९६६च्या ओल्ड्समोबील टोरोनॅडो कारचा.

‘पार्क’ म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरबॉक्समध्ये एक पोलादी खिटी असते. ती दातेरी चाकाच्या खाचेत बसते आणि पुढची चाकं अडतात. तेलाच्या दाबाशी संबंध नाही. इंजिन बंद असलं तरी पकड तीच. हँडब्रेक वेगळा, तो मागच्या चाकांवर.

दोष बाहेरचा : लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडदांड्यांचे बुश झिजतात. काटा ‘पी’ दाखवतो, खिटी मात्र अर्धवटच बसते. बुश बदलून जोडणी नव्याने जुळवायची. आधी हेच तपासतात, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

दोष आतला : खिटीचं टोक झिजून गोल होणं, स्प्रिंग तुटणं. इथे खोलाखोल अटळ.

फसवा प्रकार : पुढचं एकच चाक जॅकवर असेल तर डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकं उलटसुलट फिरू शकतात. खिटी शाबूत, गाडी तरी सरकते! म्हणून कामाआधी सपाट जागा, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.