चेक समजून घेण्याचे दिवस

४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी दहा ते चार या वेळेत भरलेला चेक त्याच दिवशी वटवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आला. दिवाळीच्या तोंडावर अनेकांचे चेक अडकले. शाखेत विचारायला गेलेल्यांना एकच उत्तर मिळत होतं: सिस्टिममध्ये दिसत नाही. मला उशिरापेक्षा ते उत्तर जास्त लागलं, कारण आमच्या काळी चेक का अडकला हे सांगणं काउंटरवरच्या माणसाचं कामच होतं.

चेकचा कायदा १८८१चा. पहिल्या शंभर वर्षांत फार काही घडलं नाही. खरी हालचाल झाली १ एप्रिल १९८९ला, १३८ कलम लागू झालं तेव्हा. खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत गेला तर तो गुन्हा ठरू लागला. पुढची दहा वर्षं मी तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत काउंटरवर होतो. उसाच्या बिलाचे, दूध संघाचे, पगाराचे चेक घेऊन माणसं येत आणि आधी विचारत, "साहेब, हा वटेल ना?"

मग आम्ही सांगत बसायचो. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा असल्या की तो क्रॉस चेक, रोख मिळणार नाही, खात्यातच भरावा लागेल. रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलं तर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. रेघा नसतील आणि 'बेअरर' खोडलेलं नसेल, तर तो हरवला की सापडणाराही पैसे नेऊ शकतो. आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर कायदा अक्षरांना मानतो, बँक मात्र चेक परत पाठवते. रांग लांबायची, पण तक्रार कुणी करत नसे.

त्या काळातलं सगळंच चांगलं नव्हतं. मुंबईचा चेक वटायला आठवडे जात आणि वर वटणावळ कापली जाई. ती पद्धत गेली, बरं झालं.

कोरे चेक मात्र गेले नाहीत. कर्ज देणारे तेव्हाही सह्या घेऊन ठेवत, आजही घेतात. चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांची झाली, पण ती मोजतात चेकवरच्या तारखेपासून. तारीखच नसलेला चेक शिळा होतच नाही. स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी सही करणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार खटल्यात स्पष्ट केलं. मोबाइलवर पैसे पाठवणाऱ्या तरुणांना हे कोण सांगणार? बँका तर सांगत नाहीत.

म्हणून मी सांगतो. कोऱ्या चेकवर सही करू नका. द्यावाच लागला, तर तो कशापोटी दिला हे लेखी घ्या आणि चेकचा नंबर टिपून ठेवा. चेक परत गेल्याची नोटीस आली तर घाबरून घरात बसू नका. ती हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम दिली, तर १३८चा खटला उभा राहत नाही.