युद्धकालीन राजकीय वक्तृत्व

युद्धकालीन राजकीय वक्तृत्व : युद्ध चालू असताना सैन्यभरती, वाढीव कर व टंचाई यांचा भार लोकांनी आपखुशीने उचलावा, यासाठी राजकीय नेते जी भाषणे करतात त्यांतील मन वळविण्याची रीत. शत्रूचे भयकारी चित्रण, संकट सर्वांचे आहे ही जाणीव आणि त्यागाचे आवाहन ही तिची नेहमीची साधने होत. १३ मे १९४० रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश पार्लमेंटात सुखाचे आश्वासन न देता कष्टांचीच भाषा केली; तथापि ते स्वतंत्र राष्ट्राशी बोलत होते. परतंत्र देशातील वक्त्यापुढचा पेच निराळा असतो. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) लोकमान्य टिळकांची भाषणे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. तिच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रांत व वऱ्हाड असल्याने, तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग असलेला गोंदियाचा प्रदेशही (स्वतंत्र जिल्हा १९९९) त्यात मोडत होता. बेळगाव व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील मे-जूनमधील भाषणांत त्यांनी बादशहा आणि नोकरशाही यांत भेद केला : देव तोच राहील, पुजारी तेवढे बदलावयाचे. हा दृष्टांत दुहेरी उपयोगाचा होता. देवस्थानांतील अनुभवामुळे तो खेडुतालाही तत्काळ कळे आणि राजनिष्ठेची मर्यादाही मोडत नसे. सरकारला मात्र तो मानवला नाही. सद्वर्तनासाठी टिळकांकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू बॅ. जिना यांनी मांडली होती. सुट्या वाक्यांऐवजी भाषणांचा एकूण परिणाम पाहावयाचा, ही न्यायालयाची दृष्टी वक्तृत्वाच्या अभ्यासकासही मार्गदर्शक आहे.

सैन्यभरतीस टिळकांचा विरोध नव्हता. पण त्यांच्या आवाहनाला अट जोडलेली असे. ज्याने घर राखावयाचे त्याला घरात हक्क हवा, हे त्याचे सूत्र. साम्राज्याची गरज अशा रीतीने स्वराज्याच्या मागणीचा आधार बनली. हा केवळ शब्दच्छल नव्हता : त्या युद्धात सु. ७४ हजार भारतीय सैनिक कामी आले. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचा उल्लेख करू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले आणि ते सभात्याग करून निघून गेले. महात्मा गांधी त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात विनाअट भरतीसाठी फिरत होते. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळविल्यास महाराष्ट्रातून ५,००० सैनिक देऊ, अशी पैज टिळकांनी त्यांना घातली व हमी म्हणून ५०,००० रुपयांचा धनादेश पाठविला. गांधींनी तो परत केला.