जुनी वास्तू आणि विजेचे बिल

गावातली शंभर-सव्वाशे वर्षांची दगडी शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, उंच खिडक्या, पुढे लांबलचक व्हरांडा. शेजारी अलीकडे बांधलेली स्लॅबची इमारत. एप्रिलअखेर भर दुपारी उत्तरपत्रिका तपासायला बसायचे झाले, तर शिक्षक कोणत्या इमारतीत बसतात? बहुतेक ठिकाणी उत्तर 'जुन्या' असेच येईल. आणि तरीही बैठकीत विषय निघतो तो जुनी इमारत 'सुधारण्याचा'. आतून सिमेंटचा गिलावा, लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, कौलांच्या जागी पत्रा, आणि मग उकडू लागले की वातानुकूलन यंत्र.

दुसऱ्या बाजूला वारसाप्रेमी मंडळी म्हणतात, इमारतीला हातच लावू नका. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियम आले; आज अनेक शहरांत अशा याद्या आहेत. पण हात न लावलेल्या इमारतीत माणसे घामाघूम होऊ लागली, तर ती इमारत हळूहळू ओस पडते. ओस पडलेली इमारत लवकर ढासळते. म्हणूनच १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे, की वास्तू समाजाच्या उपयोगात असली तर तिचे जतन सोपे होते. तेव्हा प्रश्न 'वारसा की वीजबचत' असा नाही. कोणता बदल करावा आणि कोणता करू नये, हे ठरवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी आधी जुनी इमारत काम कशी करते ते पाहिले पाहिजे.

भिंत उष्णता अडवत नाही, तिला उशीर लावते

विद्यार्थ्यांना विचारा, दगड उष्णतारोधक आहे का? पुष्कळ जण 'हो' म्हणतील. प्रत्यक्षात दगड कापसापेक्षा किंवा लाकडापेक्षा किती तरी चांगला उष्णतावाहक आहे. मग दगडी खोली गार कशी? याचे उत्तर भिंतीच्या उष्णताधारकतेत आहे. एक घनमीटर काळ्या दगडाचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक घनमीटर हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ दोन हजार पट असते. दिवसभर ऊन खाणारी भिंत ही उष्णता आपल्याच पोटात साठवत राहते. आतल्या बाजूला ती पोहोचते तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

विटांच्या भिंतीसाठी एक ढोबळ गणित करून पाहू. भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान दिवसाला एकदा वर-खाली होते असे धरू. साडेचार इंची भिंतीतून या लाटेचा माथा आत पोहोचायला पावणेचार तास लागतात आणि बाहेरच्या चढउताराचा सुमारे ३८ टक्के भाग आत येतो. नऊ इंची भिंतीला साडेसात तास लागतात, आणि आत येतो १४ टक्के. अठरा इंची भिंतीला पंधरा तास लागतात, आणि आत येतो जेमतेम २ टक्के. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग २५ ते ५५ अंश सेल्सिअस असा तीस अंशांनी हलला, तर आतला पृष्ठभाग पहिल्या भिंतीत अकरा अंशांनी, दुसरीत चार अंशांनी, तर तिसरीत एका अंशापेक्षाही कमी हलेल. जाडी दुप्पट केली की लागणारा उशीर दुप्पट होतो. पण आत येणारा चढउतार निम्मा होत नाही, त्याहून पुष्कळच कमी होतो.

यातूनच एक गोष्ट ध्यानात येईल. जाड भिंत तापमान घटवत नाही, ती त्याची सरासरी काढते. पुण्यात मे महिन्यात दुपारी ३७-३८ अंश आणि पहाटे २२-२३ अंश तापमान असेल, तर सरासरी तिशीच्या आसपास येते. दुपारी ती हवीहवीशी वाटते. रात्री मात्र बाहेर गार होत असताना आत तेच तापमान राहते. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदाच्या घरांतली माणसे उन्हाळ्यात दुपारी आत आणि रात्री माळवदावर झोपत, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. शाळा दिवसा भरते, म्हणून जाड भिंत शाळेला विशेष मानवते.

मुंबईचे आणि कोकणाचे गणित निराळे आहे. तिथे मे महिन्यात दिवस-रात्रीच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक असतो आणि हवेत दमटपणा भरपूर. तिथे सरासरी काढून फारसे हाती लागत नाही. तिथे वाहता वारा हवा. म्हणून किनारपट्टीच्या जुन्या इमारतींत उंच छत, समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके, आडव्या पट्ट्यांची लाकडी तावदाने आणि ऊन अडवणारे रुंद व्हरांडे दिसतात. १८७८ साली बांधायला घेतलेले मुंबईचे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही वास्तू विजेचे पंखे येण्यापूर्वीची आहे. तिच्यातली उंची आणि कमानी डोळ्यांना सुंदर दिसतात, तशाच त्या हवा खेळवण्याच्याही कामी येतात.

भिंतीचा श्वास

जुन्या भिंतीचा दुसरा गुण ओलाव्याशी जोडलेला आहे. पावसाळ्यात बाहेरून आणि जोत्यातून वर भिंतीत पाणी शिरते. चुन्याचा दर्जा आणि गिलावा सच्छिद्र असल्यामुळे कोरड्या दिवसांत ते वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तैलरंग चढवला की ही वाट बंद होते. पाणी आत अडकते, क्षार गिलाव्यामागे साठतात, पोपडे सुटतात आणि लाकडी तुळयांची टोके कुजू लागतात. एका तालुक्याच्या गावी जुन्या दगडी इमारतीतील वाचनालयाची अशी 'दुरुस्ती' मी पाहिली आहे. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीलगतच्या कपाटांतील पुस्तकांना बुरशी लागली होती. हेतू चांगला होता, खर्चही कमी झाला नव्हता. चूक भिंतीचा स्वभाव न ओळखण्यात होती.

याचा ऊर्जेशी काय संबंध? भिंतीच्या छिद्रांत हवा असते तेव्हा ती उष्णता सहजी जाऊ देत नाही. त्या जागी पाणी भरले की चित्र बदलते, कारण पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक आहे. भिंत कोरडी ठेवणे हे जतनाचे काम आहे आणि वीजबचतीचेही. जिथे वाद आहे असे आपण समजतो, तिथे पुष्कळदा दोन्ही हेतू एकाच दिशेने जातात.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट थंडीच्या संदर्भात पुढे आली. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था आजही काम करते. तिने जुन्या भरीव भिंतींतून प्रत्यक्ष किती उष्णता जाते हे मोजले. पुष्कळ भिंती नेहमीच्या कोष्टकांवरून काढलेल्या आकड्यांपेक्षा चांगल्या निघाल्या. आधी मोजा, मग उपाय करा, हा त्यातला धडा. तिकडे भिंतीला आतून उष्णतारोधक थर लावला तर मूळ भिंत अधिक थंड राहते, आणि घरातील बाष्प थरामागे जाऊन तिथे पाणी होते.

आपल्याकडे हे चित्र उलटे होते. पावसाळी हवा ३२ अंशांची आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. खोली यंत्राने २२ अंशांपर्यंत गार केली, की फटींतून येणारी बाहेरची हवा थंड पृष्ठभागावर पाणी सोडते. बर्फाच्या पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो तसेच हे. म्हणून जुन्या इमारतीत सरसकट वातानुकूलन करणे बिलालाही महाग पडते आणि भिंतीलाही.

काय करावे, कोणत्या क्रमाने?

पहिला क्रमांक छताचा. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य मध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो; मुंबईत मेच्या मध्याला तर तो अगदी खस्वस्तिकावर येतो. भिंतींवर ऊन तिरपे पडते, छतावर सरळ. कौलांमधल्या फटींतून गरम हवा निघून जाते. पत्रा ती वाट बुजवतो आणि स्वतः तापतो. तेव्हा फुटकी कौले बदलावीत, कौलांखाली लाकडी फळ्यांचे छत करावे आणि मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना हवा जाण्यास जाळ्या ठेवाव्यात. सपाट गच्ची असेल तर उन्हाळ्यापूर्वी तिला चुन्याची सफेदी द्यावी. हे स्वस्त आहे, आणि नको झाले तर काढताही येते.

दुसरा क्रमांक खिडक्यांचा. सरकती खिडकी जास्तीत जास्त अर्धीच उघडते. जुनी झडपांची खिडकी पूर्ण उघडते. शिवाय ॲल्युमिनियम लाकडाच्या हजार पटींहून अधिक उष्णतावाहक आहे. सागवानी चौकटीची बिजागरी, फटी आणि रंग नीट केला, बुजवलेले झरोके पुन्हा उघडले, तर पुष्कळ काम होते. रस्त्याच्या गोंगाटामुळे किंवा धुळीमुळे काच आवश्यकच असेल, तर मूळ खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काच बसवावी.

तिसरा क्रमांक यंत्रांचा. सगळी खोली गार करण्याऐवजी माणसाला गार करावे. छतावरचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा कमी विजेचा पंखा तिशीच्या आसपास. दीड टनी वातानुकूलन यंत्र मात्र दीड हजार वॅटच्या घरात जाते. जुन्या कागदपत्रांसाठी किंवा संगणकांसाठी गारवा हवाच असेल, तर मोठ्या दालनात सुटी होणारी छोटी बंद खोली उभारून तेवढीच गार करावी. सौरपटल बसवायचे तर दर्शनी उतारावर नकोत. मागच्या उतारावर किंवा शेजारच्या नव्या इमारतीच्या स्लॅबवर बसवावेत.

या सर्वांमागे एकच कसोटी आहे. केलेला बदल पन्नास वर्षांनी कुणाला काढावासा वाटला, तर मूळ वास्तूला इजा न होता तो निघेल का?

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची गोष्ट इथे आठवते. १९३१ साली पुरी झालेली ही १०२ मजली इमारत अमेरिकेचे राष्ट्रीय वारसास्थळ आहे. २०१० मध्ये तिच्या ६,५१४ खिडक्या सुधारण्यात आल्या. खिडक्या फेकून न देता त्या इमारतीतच उघडल्या, काचा धुतल्या, दोन काचांमध्ये एक पातळ पारदर्शक पडदा आणि विशिष्ट वायू भरून पुन्हा बसवल्या. खोल्या तापवणाऱ्या नळ्यांच्या मागे उष्णता परावर्तित करणारा थर लावला. इतर सुधारणा धरून ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य होते. बाहेरून पाहणाऱ्याला इमारत होती तशीच दिसते.

न दिसणारी ऊर्जा

'पाडून नवी बांधू, ती कमी वीज खाईल' असेही कधी कधी म्हटले जाते. इथे हिशेबात एक रक्कम विसरली जाते. विटा हजारेक अंशांना भाजाव्या लागतात. सिमेंटसाठी भट्टीतले तापमान १४५० अंशांपर्यंत न्यावे लागते. पोलादासाठी त्याहूनही अधिक. ही ऊर्जा नव्या इमारतीत पहिला दिवा लागण्यापूर्वीच खर्च झालेली असते. जुन्या इमारतीत ती आपल्या पणजोबांच्या काळी खर्च होऊन गेली. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण चुना भिंतीत घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि परत कॅल्शियम कार्बोनेट बनतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातले हे समीकरण शिकवताना शाळेची भिंतच दाखवता येईल. अर्थात खचलेली, धोकादायक इमारत केवळ जुनी म्हणून राखावी असे नाही. तिथे मुलांची सुरक्षितता आधी. पण तो निर्णय तज्ज्ञाच्या तपासणीनंतर व्हावा, पोपडे पाहून नव्हे.

करून पाहा

१. दोन सारखे तापमापक घ्या. एक जुन्या इमारतीतील खोलीच्या मध्यावर, दुसरा स्लॅबच्या खोलीत, तेवढ्याच उंचीवर टांगा. तिसरा मिळाला तर बाहेर सावलीत. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला नोंद करून आलेख काढा. कोणत्या खोलीचा माथा किती उशिरा येतो?

२. दोन सारख्या विटा रात्रभर पाण्यात भिजवा. एक तशीच ठेवा, दुसरी पाच बाजूंनी प्लास्टिकने घट्ट गुंडाळा. आठ दिवस रोज वजन करा. गिलाव्याचा प्रश्न विद्यार्थ्यांना आपोआप समजेल.

हे आलेख वर्गातच ठेवू नका. शाळेच्या दुरुस्तीचा विषय निघेल त्या बैठकीत ते मांडा. 'जुनी इमारत आमच्या आजोबांची आठवण आहे' हे म्हणणे खरे असते, पण त्याला उत्तर देता येते. दुपारी दोन वाजता घेतलेल्या तापमानाच्या नोंदीला उत्तर देणे अवघड असते.