तंजावरचे विद्यागृह आणि त्याची माणसे

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१० च्या सुमारास राजराज चोळाने पूर्ण केले. त्याच्या भिंतींवर दानाचे, दागिन्यांचे, नर्तकींचे हिशेब तमिळमध्ये कोरलेले आहेत. त्याच मंदिराच्या आवारात एक फार लांब मराठी लेखही आहे. १८०३ साली कोरलेल्या या लेखात भोसले घराण्याचा वृत्तांत आहे. तो सरफोजीराजांच्या आज्ञेने बाबुराय चिटणिसांनी रचला. ज्या राजाने आपल्या कुळाचा इतिहास असा दगडावर लिहविला, त्याच्या हाती तेव्हा राज्य जवळजवळ उरले नव्हते, ही गोष्ट हा लेख वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. दत्तकविधान अशास्त्रीय ठरवून अमरसिंग गादीवर बसला, आणि मुलाच्या नशिबी वाड्यातील कोंडवासाचे दिवस आले. त्यांची काळजी वाहिली ती श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन पाद्र्याने. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून आलेला हा मनुष्य तुळजाराजांच्या विश्वासातला होता. त्याच्याच खटपटीमुळे मुलाला पुढे मद्रासेस नेण्यात आले, आणि तेथे गेरिके या दुसऱ्या पाद्र्याजवळ त्याचे शिक्षण चालू राहिले. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत वारला आणि जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. धर्म बदलला नाही, पण गुरूचे ऋण ते विसरले नाहीत. तंजावरच्या चर्चमध्ये श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून बसविले.

१७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. किल्ला, शहराचा थोडा परिसर, वर्षासन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राजांकडे राहिले. रिकामा राजा ग्रंथांत रमला, असे यावर म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांना सरफोजींइतकेच रिकामपण मिळाले असे संस्थानिक हिंदुस्थानात पुष्कळ झाले, आणि त्यांतील बहुतेकांनी ते कसे घालविले हे सर्वश्रुत आहे.

नायक राजांच्या वेळेपासून वाड्यात हस्तलिखितांचे भांडार होते. सरफोजींनी त्याला सरस्वती महालाचे आजचे रूप दिले. १८२० ते १८२२ या काळात ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेस गेले. त्या यात्रेतूनही ग्रंथ आले आणि काशीच्या घाटांची चित्रेही आली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथांचा त्यांचा स्वतःचा संग्रह चार हजारांवर गेला, आणि त्यांतील कित्येक ग्रंथांवर त्यांची रोमन लिपीतील सही आहे. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आला. हा राजा लाव्हाझिए, लिनिअस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो, हे पाहून तो चकित झाला. (थोड्याच दिवसांत तिरुचिरापल्लीस हेबरचा अंत झाला, त्याच्या पत्रांतून मात्र ही भेट राहिली.)

ग्रंथ जमविणे हा या उद्योगाचा एक भाग झाला. दुसरा भाग होता भोवतालची सृष्टी पाहून नोंदविण्याचा. दरबारी चित्रकारांनी पक्षी, पशू, कीटक आणि वनस्पती यांची बारकाईने चित्रे काढली. अशा चित्रांचा एक संग्रह राजांनी बेंजामिन टोरिन या रेसिडेंटास भेट दिला आणि तो आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. देवदेवतांना सोन्याचा मुलामा देणाऱ्या परंपरेतले हात पिसांची रंगछटा टिपू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. त्या चित्रकारांची नावे मात्र राजाच्या नावासारखी लोकांच्या ओठांवर आली नाहीत. धन्वंतरी महालात वैद्य औषधे पारखीत. नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे त्यांच्या डोळ्यांच्या चित्रांसह आजही ग्रंथालयात आहेत.

शिक्षणाचा विचार यात सर्वत्र दिसतो. 'नवविद्याकलानिधी' या नावाने शाळा निघाली. देवनागरी छापखानाही निघाला, आणि इसापच्या नीतिकथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरास छापले गेले. मुंबई-पुण्याकडे मराठी क्रमिक पुस्तकांची चळवळ पुढे सुरू झाली, हे येथे आठवावे. त्याहून नवलाचे आहे ते 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ प्रकार. त्यात डोंगरातली कुरव स्त्री येऊन नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींच्या नाटकातील कुरवंजी सांगते ते पृथ्वीचा भूगोल: खंडे, देश, नगरे. रूप तमिळ मातीचे, भाषा मराठी आणि विद्या युरोपातून आलेली. आणि तिघींत कोणालाच परकेपणा वाटत नाही.

१८३२ मध्ये सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना गेले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. वाड्यातील चीजवस्तूंवर सरकारी कुलपे पडली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली आणि खटला थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेथे १८५९ मध्ये निकाल राणीच्या विरुद्ध लागला. तरीही पुढे १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता राण्यांना परत मिळाली. या धामधुमीत ग्रंथसंग्रह लिलावात फुटला नाही, हे आजच्या वाचकाचे भाग्य. तंजावरचा न्यायाधीश बर्नेल याने संस्कृत हस्तलिखितांची सूची करून ती १८८० मध्ये प्रसिद्ध केली. १९१८ मध्ये वारसांच्या संमतीने ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले.

आज तेथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांतील मराठी तीन हजारांच्या आसपास. दरबारी दप्तराच्या मोडी कागदांची बाडे वेगळीच. त्यांत देवस्थानांचे खर्च आहेत, छत्रांतील मुदपाकाचे हिशेब आहेत, वैद्यांचे आणि गवयांचे पगार आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील पुष्कळ कागद तमिळमध्ये उतरवून छापले. त्यामुळे सरफोजींच्या दरबारातील एखादा हिशेब कुंभकोणमचा विद्यार्थी सहज वाचू शकतो. पुण्याच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याला तोच कागद मुळातून वाचायचा, तर त्याला आधी मोडी शिकावी लागेल.